शंभर वर्षे टिकायच्या दाखल्यासाठी कोणती साखळी?

मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुनी दप्तरे बाहेर निघाली. निजामकाळातल्या नोंदी, मोडीतले आणि उर्दूतले कागद, हैदराबादच्या अभिलेखागारातले खंड. पणजोबांच्या नावापुढे कोणी काय लिहून ठेवले होते, यावर आजच्या मुलाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून राहिली. ज्यांचा कागद सापडला त्यांचे काम झाले. ज्यांचा कागद ओलीने गेला किंवा वाळवीने खाल्ला, त्यांना सांगण्यासारखे काही उरले नाही. एखादी नोंद शंभर वर्षे टिकावी आणि ती एकाच कार्यालयाच्या एकाच कपाटावर विसंबून नसावी, या दोन गोष्टींचे मोल मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

म्हणूनच ब्लॉकचेन या तंत्राकडे गंभीरपणे पाहायला हवे, असे माझे मत आहे. त्यातल्या नाण्यांच्या भावाशी या लेखाला काही कर्तव्य नाही. उद्या तुमच्या कॉलेजात, पतसंस्थेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत कोणी विक्रेता लॅपटॉप उघडून ‘आमचे नेटवर्क सेकंदाला हजारो व्यवहार करते आणि पूर्ण विकेंद्रित आहे’ असे सांगू लागला, तर त्याला काय विचारायचे, त्याच्या आकड्यांची फोड कशी करायची आणि दोन नेटवर्क समोर असतील तर निवड कशी करायची, हे इथे सांगायचे आहे. प्राचार्य, परीक्षा विभागातले लोक, संस्थांचे संचालक आणि हा विषय प्रकल्पासाठी घेणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे माझे वाचक आहेत.

तुलनेसाठी दूर जायची गरज नाही. महाराष्ट्रानेच दोन वाटा चालून पाहिल्या आहेत. २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने आपली पदविका प्रमाणपत्रे इथेरियम या नेटवर्कवर नोंदवायला सुरुवात केली. बनावट प्रमाणपत्रे हे त्यामागचे कारण होते. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात ६५,००० जातीचे दाखले नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. पण ते पॉलिगॉन या दुसऱ्या नेटवर्कवर. तंत्र पुरवणारी कंपनी दोन्हीकडे एकच होती, लेजिटडॉक. राज्य एक, कंपनी एक, काम जवळपास एकच आणि वर्षभरात साखळी मात्र बदलली. या बदलात काय मिळाले आणि काय सुटले, हे समजले की दोन नेटवर्कची तुलना कशी करायची तेही समजते.

आधी क्षमता

इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. पॉलिगॉन २०१७ मध्ये मॅटिक नेटवर्क या नावाने भारतात उभे राहिले. जयंती कानानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन ही संस्थापकांतली नावे. २०२० मध्ये त्याचे मुख्य नेटवर्क चालू झाले आणि २०२१ मध्ये नाव बदलले. इथेरियमवर गर्दी होते आणि शुल्क परवडत नाही, ही अडचण सोडवायलाच पॉलिगॉन जन्मले. मे २०२१ मध्ये इथेरियमवरच्या एका व्यवहाराचे सरासरी शुल्क काही दिवस साठ डॉलरच्या पुढे गेले होते. त्याच काळात पॉलिगॉनवर तोच व्यवहार पैशांत होत होता. आदिवासी भागातल्या दाखल्यांसाठी स्वस्त नेटवर्क निवडणे साहजिक होते.

पण ‘सेकंदाला किती व्यवहार’ हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका, कागदावर स्वतः मांडा. या नेटवर्कवर प्रत्येक कामाला ‘गॅस’ लागतो. नुसते नाणे पाठवण्याच्या साध्यात साध्या व्यवहाराला २१,००० एकक गॅस लागतो. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या संचात, किती गॅस मावेल याची मर्यादा ठरलेली असते. इथेरियमवर २०२१ नंतर बराच काळ ही मर्यादा ३ कोटी होती. भागाकार केला की एका ब्लॉकमध्ये साधारण १,४२८ साधे व्यवहार बसतात. ब्लॉक दर १२ सेकंदांनी येतो, म्हणजे सेकंदाला ११९. पॉलिगॉनवर मर्यादा तेवढीच ३ कोटी धरली, पण ब्लॉक २ सेकंदांनी येतो. म्हणून सेकंदाला ७१४. पुढे दोघांनीही मर्यादा वाढवली. २०२५ मध्ये इथेरियम टप्प्याटप्प्याने ६ कोटींवर गेले, तर पॉलिगॉनने जुलैमध्ये ‘भिलाई’ नावाच्या सुधारणेत ४.५ कोटी केली आणि त्याचा आकडा सेकंदाला हजारावर पोचला.

हे सगळे आकडे कमाल आहेत आणि तेही सर्वांत हलक्या व्यवहाराचे. प्रत्यक्षातले व्यवहार अवजड असतात, त्यामुळे खरा आकडा बराच खाली येतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणत्या प्रकारच्या व्यवहाराचा आहे, ब्लॉकची मर्यादा किती धरली आहे आणि तो प्रयोगशाळेतला आहे की चालू नेटवर्कवरचा, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक फुगवटा तिथेच उतरतो.

आणखी एक आकडा वेगळा विचारायचा, तो म्हणजे पक्केपणाचा. ब्लॉकमध्ये व्यवहार दिसला म्हणजे तो कायमचा झाला असे नसते. इथेरियमवर व्यवहार पक्का व्हायला साधारण १३ मिनिटे लागतात. पॉलिगॉनवर व्यवहार दोन सेकंदांत दिसत असला, तरी त्याचे शिक्कामोर्तब इथेरियमवर ठरावीक वेळाने जाणाऱ्या नोंदींतून होत असे आणि त्याला अर्धा तास जात असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर तिथे १५७ ब्लॉकची फेररचना झाली, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक काळाचा इतिहास उलटून पुन्हा लिहिला गेला. जुलै २०२५ मधल्या सुधारणेनंतर पॉलिगॉनवरचा पक्केपणा पाच सेकंदांच्या आसपास आला आहे. पैसे देण्याघेण्याच्या कामात हा फरक फार मोठा आहे. गुणपत्रिकेला तेरा मिनिटे थांबावे लागले तर कोणाचे काही बिघडत नाही.

इथेच मुख्य मुद्दा येतो. दाखला, गुणपत्रिका, प्रमाणपत्र अशा कामांना मोठी क्षमता लागतच नाही. कसे ते पाहा.

ब्लॉकचेनवर दाखला स्वतः ठेवायचा नसतो आणि ठेवूही नये. दाखल्याच्या फाइलवरून गणिताने एक ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. तो ३२ बाइटचा असतो आणि फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. आता प्रत्येक दाखल्याचा ठसा वेगळा नोंदवायचे ठरवले, तर जितके दाखले तितके व्यवहार. पण दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा काढता येतो, तशा दोघांचा आणखी एक, आणि असे करत शेवटी सगळ्या गठ्ठ्याचा मिळून एकच ठसा उरतो. या रचनेला मर्कल वृक्ष म्हणतात. साखळीवर फक्त तो शेवटचा ठसा जातो. विद्यार्थ्याच्या दाखल्यासोबत त्याच्या फांदीपासून मुळापर्यंतचे मधले ठसे दिले की तपासणारा स्वतः गणित करून पाहू शकतो.

एटापल्लीचाच आकडा उदाहरणासाठी घेऊ. ६५,००० दाखले एकाच वृक्षात बसवायचे म्हटले तर वृक्षाच्या १६ पायऱ्या होतात, कारण दोनाचा सोळावा घात ६५,५३६. म्हणजे प्रत्येक दाखल्यासोबत १६ ठसे, एकूण ५१२ बाइट. एवढा मजकूर दाखल्यावरच्या क्यूआर कोडमध्ये सहज मावतो. साखळीवर जाणारा व्यवहार मात्र एकच.

खर्चाचा हिशोबही करून पाहा. ठसा नोंदवायला अंदाजे ५०,००० एकक गॅस धरा आणि दर महागातला, एककाला १०० ग्वे. इथर हे इथेरियमचे नाणे; एका इथरचे १०० कोटी ग्वे होतात, म्हणजे एका नोंदीला ०.००५ इथर. ६५,००० नोंदी वेगवेगळ्या केल्या तर ३२५ इथर लागतील. कोणत्याही सरकारी कार्यालयाला न पेलणारा खर्च. तेच दाखले दिवसभर साठवून रोज संध्याकाळी एक गठ्ठा नोंदवला, तर वर्षाचे ३६५ व्यवहार आणि दोन इथरहूनही कमी खर्च. आठवड्याला एकदा नोंदवले तर पाव इथरच्या आसपास. विद्यापीठाचा निकाल तर वर्षातून मोजक्या वेळाच लागतो.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे आहे. या चारही जिल्ह्यांच्या एका हंगामातल्या सगळ्या पदव्या एका व्यवहारात नोंदवता येतील. तेव्हा ‘आमचे नेटवर्क जास्त वेगवान आहे’ हे कारण पदवी प्रमाणपत्रासाठी पुढे येत असेल, तर ते कारण बाजूला ठेवा. रचना नीट केली तर महागडे आणि संथ नेटवर्कही परवडते. रचना चुकली तर स्वस्त नेटवर्कचे बिलही दाखल्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते.

मग विकेंद्रीकरण, म्हणजे कोण काय थांबवू शकतो

विकेंद्रीकरण मोजायला एकच आकडा नाही. मी स्वतः एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतो: किती जण एकत्र आले तर हे थांबेल किंवा बदलेल?

पहिली मोजणी व्हॅलिडेटरांची. व्हॅलिडेटर म्हणजे ब्लॉक तयार करणारे आणि तपासणारे. इथेरियमवर त्यांची नोंदणी दहा लाखांच्या घरात आहे आणि प्रत्येकामागे किमान ३२ इथर तारण ठेवावे लागतात. पॉलिगॉनवर या जागाच शंभरच्या आसपास ठरवून दिलेल्या आहेत. आकडे ऐकून दहा हजार पटींचा फरक वाटतो, पण तो तसा नाही. इथेरियमवरचे दहा लाख म्हणजे दहा लाख माणसे नव्हेत. लिडो या एकाच सामायिक व्यवस्थेमार्फत एकेकाळी एकूण तारणाच्या जवळपास एक तृतीयांश तारण ठेवलेले होते. एक तृतीयांश हा साधा आकडा नाही; तेवढे तारण हातात असलेला गट व्यवहार पक्के होणे रोखू शकतो. पॉलिगॉनवरही शंभरांपैकी वरच्या मोजक्यांकडेच मोठा वाटा असतो.

म्हणून हे काम घरी करा. नेटवर्कच्या सार्वजनिक पानावर व्हॅलिडेटरांची यादी आणि प्रत्येकाचे तारण दिलेले असते. मोठ्यापासून लहानापर्यंत यादी लावा आणि बेरीज करत जा. एक तृतीयांश व्हायला किती नावे लागली तो आकडा लिहून ठेवा. दोन तृतीयांशाला किती लागली तोही लिहा. एकाच कंपनीची चार नावे असतील तर ती एक धरा. दोन नेटवर्कचे हे आकडे शेजारी मांडले की ‘पूर्ण विकेंद्रित’ या शब्दांमागे काय आहे ते दिसते.

दुसरी मोजणी सॉफ्टवेअरची. हिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. इथेरियमचे सॉफ्टवेअर अनेक वेगवेगळे गट वेगवेगळ्या संगणकीय भाषांत लिहितात: गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, आणि सहमतीच्या बाजूला प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निंबस, लोडस्टार. ११ आणि १२ मे २०२३ रोजी प्रिझम आणि टेकूवर एकाएकी ताण आला आणि इथेरियमवर व्यवहार पक्के होणे थांबले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाहून कमी वेळ, दुसऱ्या दिवशी तासाहून थोडा अधिक. पण ब्लॉक येत राहिले, नेटवर्क बंद पडले नाही, कारण इतर सॉफ्टवेअर वापरणारे चालू होते.

याउलट १० मार्च २०२२ रोजी पॉलिगॉनवर एका सुधारणेत बिघाड झाला आणि नेटवर्क सुमारे ११ तास ठप्प झाले. तिथे जवळजवळ सगळे एकाच सॉफ्टवेअरवर होते, त्यामुळे एकाची चूक ती सर्वांची चूक झाली. एटापल्लीच्या दाखल्यांची बातमी आली तोही हाच महिना. मग दाखल्यांचे काय बिघडले असते? आधी नोंदवलेला ठसा पुसला गेला नसता. नवी नोंद त्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी झाली असती. जातीच्या दाखल्याला हे चालते. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची पट्टी आणि पैसे त्याच साखळीवर चालू असते, तर अकरा तासांत गोंधळ माजला असता.

लहान गटाचा एक फायदाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिगॉनच्या मूळ करारात, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, गंभीर दोष सापडला. मूठभर व्हॅलिडेटर असल्याने चोवीस तासांच्या आसपास बहुतेकांनी गुपचूप नवी आवृत्ती लावली. तोवर ८ लाखांवर मॅटिक नाणी चोरीला गेली होती, पण फार मोठे नुकसान टळले. दहा लाख व्हॅलिडेटरांना असे कानात सांगता येत नाही. मात्र चांगल्या कामासाठी जो गट एका दिवसात एकत्र येऊ शकतो, तो दडपणाखालीही एकत्र येऊ शकतो. २०१६ मध्ये इथेरियमवर मोठी चोरी झाली, तेव्हा नोंदी फिरवायच्या की नाहीत यावर आठवडेच्या आठवडे उघड वाद झाला. फिरवल्यावर न पटलेल्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली, आणि ती आजही चालू आहे. बदल झाला, पण चोरून झाला नाही. शंभर वर्षांच्या नोंदीसाठी मला ही दुसरी सवय जास्त विश्वासाची वाटते.

तिसरी मोजणी तुमच्या आवाक्याची आहे. तुम्ही स्वतः नेटवर्कची पूर्ण प्रत चालवू शकता का? अशा संगणकाला फुल नोड म्हणतात. त्यासाठी एक रुपयाचेही तारण लागत नाही. इथेरियमचा फुल नोड चालवायला ३२ जीबी मेमरी, ४ टीबीची वेगवान एसएसडी आणि बरे ब्रॉडबँड पुरते. १९८१ पासून नांदेडमध्ये असलेल्या श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत असा संगणक ठेवणे अवघड नाही. वीज गेली तर नोड बंद पडेल, परत आली की राहिलेले ब्लॉक ओढून घेईल; बाकीचे नेटवर्क त्याच्यासाठी थांबत नाही. पॉलिगॉनचा नोड याहून अवजड आहे, कारण ब्लॉक वेगाने येतात आणि माहिती भराभर साठते. क्षमता आणि विकेंद्रीकरण यांचा झगडा इथे हाताला लागतो. ब्लॉक मोठे आणि वेगवान केले की संगणक महाग होतो, महाग झाला की तो ठेवणारे कमी होतात आणि उरलेल्यांना दुसऱ्याच्या संगणकाला विचारून विश्वास ठेवावा लागतो.

साखळी जे करू शकत नाही

नांदेडच्या वाचकांना गेन बिटकॉइन हे नाव ऐकूनच जुनी जखम आठवेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन हाती ठेवले गेले. अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले, तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात साठावर ठिकाणी छापे पडले. त्यात दिल्ली, पुणे, कोल्हापूर यांच्यासोबत नांदेडही होते.

या फसवणुकीत बिटकॉइनचे नेटवर्क एक क्षणही बंद पडले नाही. जगातल्या सर्वांत विकेंद्रित म्हणाव्या अशा साखळीच्या नावावर एका कंपनीने लोकांचे पैसे स्वतःच्या ताब्यात घेतले होते. खालची साखळी विकेंद्रित असली, म्हणजे तिच्यावर बांधलेली योजना विकेंद्रित होत नाही. म्हणून कोणतेही नेटवर्क तपासताना साखळीइतकेच तिच्यावरचे हात तपासा: चावी कोणाकडे आहे, पैसे कोणाच्या पाकिटात आहेत, नियम कोण बदलू शकतो. ठरलेल्या परताव्याची भाषा सुरू झाली तर पुढची तुलना करतच बसू नका; बैठक तिथेच संपवा.

दुसरी मर्यादा वखारीत दिसते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन एकदम बाजारात येते आणि भाव खाली जातो. माल वखारीत ठेवून पावतीवर तारण कर्ज घेतले, तर शेतकऱ्याला थांबता येते. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने ब्लॉकचेनवरच्या वखार पावतीची आणि त्यावर राज्य सहकारी बँकेकडून तारण कर्जाची सोय उभी केली, ती याचसाठी. एकच पावती दोन बँकांत तारण पडू नये आणि कर्ज चटकन मिळावे, हे काम साखळी चोख करते. पण पोत्यात सोयाबीन किती, त्यात ओलावा १२ टक्के आहे की १६, काटा बरोबर आहे का, हे साखळीला कळत नाही. चुकीचे वजन नोंदवले तर ते चुकीचे वजनच कायमचे टिकेल. अशा कामात पैसा नेटवर्कच्या वेगावर नव्हे, तर काट्यावर, नमुना तपासणीवर आणि वखारीतल्या माणसाच्या जबाबदारीवर खर्च करा.

इथे सार्वजनिक साखळीच हवी असाही माझा हट्ट नाही. महामंडळ, बँका आणि विमा कंपनी अशा ओळखीच्या पाच-सात पक्षांना परवानगीची साखळी पुरते. केंद्राने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ ही ब्लॉकचेन व्यवस्था खुली केली. तिचे नोड भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरांत आहेत. अशा साखळीत विचारायचा प्रश्न एवढाच, की नोड खरोखर वेगवेगळ्या पक्षांकडे आहेत की सगळे एकाच विक्रेत्याच्या सर्व्हरवर. एकाच सर्व्हरवर असतील तर तो साधा डेटाबेस आहे. साध्या डेटाबेसला साध्या डेटाबेसचीच किंमत द्या.

माझा सल्ला

पदवी, गुणपत्रिका आणि दाखले यांसाठी डिजिलॉकर आणि डिजिटल सही ही पहिली पायरी आहे. ती झाली नसेल तर साखळीच्या मागे लागू नका. ती झाल्यावर, नोंद पन्नास-शंभर वर्षे कोणत्याही एका सर्व्हरवर किंवा कंपनीवर विसंबू नये असे वाटत असेल, तर रोजचे किंवा हंगामाचे गठ्ठे करून शेवटचा ठसा इथेरियमवर नोंदवा. वेग लागत नाही, गठ्ठ्यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि टिकाऊपणाच्या बाजूने त्याची कामगिरी अधिक भरवशाची आहे. जिथे प्रत्येक नोंद वेगळी आणि ताबडतोब व्हायला हवी, रोज शेकडो नोंदी आहेत आणि नोंदीचे आयुष्य वर्ष-दोन वर्षांचे आहे, तिथे पॉलिगॉन रास्त आहे. दोन्ही हवे असतील तर रोजच्या नोंदी पॉलिगॉनवर आणि वर्षाचा एक ठसा इथेरियमवर, असेही करता येते.

वर्षानुवर्षे टिकण्याबद्दल एक बारीक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. इथेरियमवरसुद्धा प्रत्येक नोडने सगळा जुना इतिहास सांभाळावा अशी सक्ती राहिलेली नाही. सप्टेंबर २०२२ आधीचे व्यवहार टाकून द्यायची सोय जुलै २०२५ पासून सॉफ्टवेअरमध्ये आली. तेव्हा ठसा व्यवहाराच्या मजकुरात नुसता लिहून ठेवायचा, की कराराच्या साठवणीत ठेवायचा, हे करारपत्रात लिहून घ्या. साठवणीतलाच मागा. शिवाय तो ब्लॉक, तो व्यवहार आणि सगळे मर्कल पुरावे यांची प्रत तुमच्या ग्रंथालयात आणि दुसऱ्या गावातल्या एखाद्या कॉलेजात ठेवा. नांदेडची प्रत लातूरला आणि लातूरची नांदेडला ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

सादरीकरण चाचणी नेटवर्कवर चालले आहे की खऱ्यावर, हेही पाहा. पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचे नाव ‘मुंबई’ होते आणि एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झाले. त्यावर केलेल्या विद्यार्थी प्रकल्पांच्या नोंदी त्याच्यासोबत गेल्या. २०२५ मध्ये पॉलिगॉनने आपले झेडकेईव्हीएम हे वेगळे नेटवर्कही बंद करण्याचे जाहीर केले. मोठे नाव पाठीशी आहे म्हणून प्रत्येक साखळी चालू राहील, असे धरून चालू नका.

वैयक्तिक माहिती साखळीवर कधीही जाऊ देऊ नका, आणि ‘फक्त हॅश टाकतो’ एवढ्यावरही थांबू नका. नाव, जात, जन्मतारीख यांसारखी माहिती अंदाजाने शोधता येते. कोणी शक्यता एकेक करून पाहत गेला, तर ठशावरून माणूस सापडू शकतो. म्हणून ठसा काढण्याआधी प्रत्येक दाखल्यात एक लांब यादृच्छिक आकडा मिसळायचा असतो. तो फक्त दाखला धारकाकडे आणि कार्यालयाकडे राहतो. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर त्याला निरोप द्या. जातीच्या दाखल्याच्या बाबतीत या मुद्द्यावर तडजोड नको.

सही करणारी चावी एका माणसाच्या फोनमध्ये नसावी. कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि संगणक विभागप्रमुख यांच्यापैकी दोघांनी सही केल्याशिवाय नोंद होणार नाही, अशी रचना दोन्ही नेटवर्कवर करता येते. चावीचा सार्वजनिक पत्ता विद्यापीठाच्या परिपत्रकात छापा, म्हणजे खोटा पत्ता वापरून कोणी दाखले काढले तर ते उघडे पडेल. चुकून दिलेला दाखला रद्द कसा करायचा, हेही आधीच ठरवून ठेवा, कारण साखळीवरून खोडता येत नाही. रद्द झाल्याची वेगळी नोंद करावी लागते. शुल्कासाठी संस्थेने इथर किंवा पॉलिगॉनचे नाणे स्वतः बाळगायचे की विक्रेत्याने भरून रुपयांत बिल द्यायचे, हे लेखापरीक्षकाशी बोलून घ्या. अशा मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि सहकारी संस्थेच्या ताळेबंदात ती अडचणीची ठरू शकते. बहुतेकांसाठी रुपयांतले बिल सोपे.

आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी लेखी मागा. विक्रेत्याची वेबसाइट बंद करायला सांगा. मग तुमच्याच कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला दाखल्याची फाइल, त्यासोबतचे ठसे आणि प्रयोगशाळेतला नोड एवढेच देऊन दाखला खरा आहे का ते पडताळायला लावा. पडताळता आला तर करारावर सही करा. नाही आला, तर त्यात दुरुस्ती होईपर्यंत हप्ता रोखून धरा.